बँकॉकमध्ये तेवढी एकच इमारत का पडली असेल?

गच्चीवरचा_वारा | २९ मार्च २०२५, सकाळी ९:१२

काल दुपारपासून तो व्हिडिओ मला चौदा वेळा आलाय. बँकॉकमधली तीसेक मजल्यांची अर्धवट इमारत, माथ्यावर क्रेन, आणि बघता बघता पत्त्यांची चवड बसावी तशी ती खाली बसते. मग धुळीचा लोट आणि पळणारी माणसं.

भूकंप झाला म्यानमारमध्ये, सगाईंग-मंडालेच्या बाजूला, ७.७ चा. बँकॉक तिथून हजार-एक किलोमीटर. म्हणजे ढोबळमानानं धरणी हलली दिल्लीच्या अलीकडे आणि इमारत पडली पुण्यात. बँकॉकमध्ये उंच इमारतींचं रान आहे. बाकीच्या डोलल्या, भेगा पडल्या, गच्चीवरच्या तलावांतलं पाणी रस्त्यावर सांडलं, पण उभ्या राहिल्या. कोसळली ती हीच एक. आणि ती कुणाची? थायलंडच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची, म्हणजे आपल्या कॅगच्या थायी भावंडाची.

आमच्या घरच्या ग्रुपवर संध्याकाळी सहापर्यंत निकाल लागला होता. विमा विकणारा आतेभाऊ म्हणाला, चिनी लोखंड. काका म्हणाले, आज शनी मीनेत जातोय, वर अमावास्या आणि ग्रहण. मेव्हण्याला ती 'पाडलेली' वाटते, कारण 'अशी सरळ खाली आपोआप येतच नाही'. माझी आई तेवढी म्हणाली, "आत माणसं होती का रे?"

तर दोन प्रश्न. एक, जाणकारांसाठी: हीच का? दुसरा सगळ्यांसाठी: चौकशी व्हायच्या आधी आपण असे अंदाज बांधावेत का?

पोपटी_शाल | सकाळी ९:२०

शनीला अडीच वर्षांत एकदा घर बदलायचं असतं. शिफ्टिंगमध्ये थोडं सामान पडायचंच.

खमंग_ढोकळा | सकाळी ९:३१

कॅगची इमारत पडली तर ऑडिट पॅरा कोण लिहिणार?

मु_पो_बँकॉक | सकाळी १०:०५

मी इथेच आहे, नऊ वर्षं झाली. सुखुमवितला ऑफिस, अठरावा मजला. काल दुपारी १:२० ला जेवून जागेवर आलो आणि डोकं गरगरलं. वाटलं शुगर खाली गेली. शेजारची मुलगीही कपाळ धरून बसली होती. मग खिडकीच्या पट्ट्या आपोआप भिंतीवर आपटायला लागल्या. हादरा म्हणाल तर नव्हताच. होडीत बसल्यासारखं सावकाश डावीकडे, सावकाश उजवीकडे. लहानपणी किल्लारीच्या वेळी सोलापुरात मी पलंगावरून पडलो होतो. तो भूकंप दातांत जाणवला होता, हा पोटात जाणवला.

अठरा मजले जिन्यानं उतरलो. मेट्रो आणि स्कायट्रेन बंद. सगळं शहर फुटपाथवर. तीन तास चालत घरी आलो. वाटेत लोक फोनवर तोच व्हिडिओ बघत होते. ती जागा चतुचकला, आपल्याकडचे पर्यटक पिशव्या भरभरून खरेदी करतात त्या शनिवार-रविवारच्या बाजाराजवळ.

आत माणसं होती, होय. तुमच्या आईंना सांगा. बरेचसे मजूर म्यानमारचे आहेत. म्हणजे ज्यांच्या गावात काल घरं पडली, त्यांचीच पोरं इथे ढिगाऱ्याखाली आहेत, आणि गावाकडे फोन लागत नाहीयेत.

पोपटी_शाल | सकाळी १०:११

माझा वरचा प्रतिसाद आता फार बाष्कळ वाटतोय. राहू दे तरी. काळजी घ्या हो तुम्ही.

रिंगमास्तर | सकाळी ११:४०

स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुणे, बावीस वर्षं. पहिल्या प्रश्नाचा निम्मा भाग सोडवतो.

मु_पो_बँकॉक यांनी होडीचं वर्णन केलंय ते तंतोतंत आहे. भूकंपाच्या लाटांतल्या तुरुतुरु चालणाऱ्या लाटा वाटेतच मरतात. संथ, लांब पल्ल्याच्या लाटा हजार किलोमीटर जातात. बँकॉक वसलंय मऊ चिकणमातीच्या जाड थरावर. परातीत घट्ट दही लावा आणि ओट्याला हलका धक्का द्या: ओटा जेमतेम हलतो, दही डुलत राहतं. ती मातीही अशा संथ लाटा वाढवते. आणि संथ लाटेला सूर जुळतो तो उंच इमारतींचा. दोनमजली घराला पत्ताही लागत नाही, तिसाव्या मजल्यावरचा माणूस मात्र ओकतो.

१९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत हेच झालं. भूकंप पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, साडेतीनशे किलोमीटरहून लांब. शहर जुन्या तळ्याच्या गाळावर. मधल्या उंचीच्या इमारती धडाधड गेल्या, ठेंगण्या वाचल्या. आपल्याकडे २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबादचे फ्लॅट पडले. तिथे खाली नुसतं पार्किंग आणि खांब, वर घरं, असा प्रकार बराच होता.

म्हणजे शहर का हललं ते कळतं. हीच का पडली, ते यातून कळत नाही. त्यासाठी ड्रॉइंग, क्यूब टेस्टचे निकाल, सळईचे नमुने आणि साइटची रोजनिशी लागते. व्हिडिओ बघून कारण सांगणारा इंजिनिअर आणि फोटो बघून पोटदुखीचं ऑपरेशन सांगणारा डॉक्टर यांच्यात मला फरक दिसत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: बांधू नयेत.

जावईशोध | दुपारी १२:०२

रिंगमास्तर, एक शंका. अर्धवट इमारतीत फर्निचर नाही, माणसं नाहीत, फाइलींची कपाटं नाहीत. वजन कमी म्हणजे धोका कमी. मग भरलेल्या उभ्या आणि रिकामी पडली, हे उलटंच झालं की!

रिंगमास्तर | दुपारी १२:२५

चांगली शंका. काँक्रीटच्या इमारतीत सर्वांत जड असतं ते काँक्रीटच. सांगाडा उभा राहिला की बहुतेक वजन आलंच, कपाटं म्हणजे वरची कोथिंबीर. उलट तयार इमारतीत विटांच्या भिंती असतात. त्या हिशेबात धरलेल्या नसल्या तरी डोलताना थोडा आधार देतात. अर्धवट इमारतीत तो नसतो.

आणि 'पाडली असेल' म्हणणाऱ्या मेव्हण्यांना सांगा: खालचा आधार गेला की इमारत सरळ खालीच येते. झाडासारखी आडवी पडायला बुंधा शाबूत लागतो.

देशी_हिसका | दुपारी १:१०

कशाला एवढं पाल्हाळ? चिनी सरकारी कंपनी भागीदार आहे तिथे. चिनी माल, चले तो चाँद तक. विषय संपला.

ठाण्याची_लेक | दुपारी १:५२

विषय संपला काय! ४ एप्रिल २०१३. शीळ फाटा, लकी कंपाउंड. त्यात कुठला चिनी माल होता?

मी तेव्हा कळव्यात राहायचे, कॉलेजात होते. सात मजले झालेले, आठव्याचं काम चालू, आणि खालच्या मजल्यांवर बिऱ्हाडं राहायला आलेली. मजुरांची कुटुंबं, भाडेकरू, लहान मुलं. संध्याकाळी सगळी जिथल्या तिथे बसली. ७४ माणसं गेली. परवानगी नव्हती, काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवलेले.

मला आठवतात त्या पहिल्या दोन दिवसांतल्या गप्पा. आमच्या रिक्षास्टँडवर कुणी म्हणे शेजारी बोअर मारली म्हणून पडली, कुणी म्हणे खाली डबकं होतं. पार्लरवाली म्हणाली होती की तिथे पूर्वी स्मशान होतं. आणि सगळ्यांत जास्त चाललेलं वाक्य: "त्या लोकांनी असल्या ठिकाणी राहायला जायचंच कशाला?" शेवटी दोष राहणाऱ्यांच्या गळ्यात. बिल्डर पकडले गेले, महापालिकेचे अधिकारीही पकडले गेले, तेव्हा कुठे ते थांबलं.

म्हणून अंदाज बांधावेत का या प्रश्नावर मी रिंगमास्तरांकडे झुकते. अंदाज पाण्यासारखा असतो, उताराच्या बाजूला जातो. आणि उताराला नेहमी गरीब माणूस.

देशी_हिसका | दुपारी २:०४

ताई, मी गरिबाला कुठे काय बोललो? चीनला बोललो.

खमंग_ढोकळा | दुपारी २:०९

चीन उताराला नाही हे मान्य.

मिझुरीतला_माणूस | ३० मार्च, सकाळी ६:४५

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना. इथे अजून आदली रात्र आहे, श्रीखंडाचा चक्का टांगून ठेवलाय.

मी अंदाजाच्या बाजूनं बोलणार. माझ्या गावाची गोष्ट आहे. १७ जुलै १९८१, कॅन्सस सिटी, हयात रीजन्सी हॉटेल. वर्षभरापूर्वी उघडलेलं. मोठ्या दालनात संध्याकाळचा नाच चालू होता आणि वर छताला सळयांनी टांगलेले पादचारी पूल, एकाखाली एक. दोन पूल खाली आले. ११४ माणसं गेली.

लगेच अंदाज सुरू झाले: लोक तालावर नाचत होते, पूल थरथरला, तुटला. म्हणजे ठाण्याच्या लेकी म्हणतात तसंच, मेलेल्यांवरच ढकललं. पण तिथल्या वर्तमानपत्रानं एक इंजिनिअर गाठला. त्यानं मूळ आराखडा आणि पडलेल्या भागांचे फोटो समोरासमोर ठेवले आणि थोड्याच दिवसांत खोट सापडली. मूळ आराखड्यात एकच लांब सळई दोन्ही पुलांतून जाणार होती. बांधताना सोयीसाठी दोन आखूड सळया केल्या: वरचा पूल छताला, खालचा पूल वरच्या पुलाला. कागदावर क्षुल्लक फरक. पण समजा, दोन गोविंदा एकाच दोरीला लटकलेत. आता खालच्यानं दोरी सोडून वरच्याची कंबर धरली. वरच्याच्या मुठीवर भार दुप्पट. तसंच तिथे सळईला आवळलेल्या नटवर झालं.

त्या वार्तांकनाला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. सरकारी अहवाल नंतर आला आणि तेच म्हणाला. सगळे गप्प बसले असते तर 'नाचले म्हणून पडलं' हेच रुजलं असतं. गप्प बसा म्हणणं सोपं आहे, पण त्या मधल्या काळात कागद हलवणारे गप्प बसत नाहीत.

रिंगमास्तर | सकाळी ९:१५

हा मुद्दा चोख आहे. पण बघा, त्या माणसानं आराखडा हातात घेतला होता. आपल्याकडे चौदा वेळा आलेला व्हिडिओ आहे.

मु_पो_बँकॉक | ३१ मार्च, रात्री ८:३०

कागद हलवण्यावरून. इथे बातमी आहे, साइटच्या आवारातून बत्तीस फायली बाहेर नेणाऱ्या चार चिनी लोकांना पोलिसांनी पकडलं. त्यांचं म्हणणं, विम्यासाठी लागत होत्या.

आणि आज उद्योगमंत्र्यांनी सांगितलं की ढिगाऱ्यातल्या सळयांचे काही नमुने निकषाला उतरले नाहीत.

देशी_हिसका | रात्री ८:३४

😎 पेढे कुणाला पाठवू?

रिंगमास्तर | रात्री ९:५०

थांबा, पेढ्यांचा पत्ता लिहायच्या आधी वाचा. बातमीत दोन मापं आहेत, २० मिलिमीटर आणि ३२ मिलिमीटर. वीसची सळई वजनात कमी भरली, बत्तीसची ताण सोसण्यात.

साइटवर सळईचं वजन काढायचं सूत्र पोरंसुद्धा तोंडपाठ म्हणतात: व्यासाचा वर्ग भागिले १६२. वीसची सळई मीटरला साधारण २.४७ किलो हवी. त्यापेक्षा बरीच कमी भरली तर समजायचं, कारखान्यानं लोखंड वाचवलंय. हा गुन्हा आहे आणि फासावर चढवण्याच्या लायकीचा आहे. पण लोखंड थोडं हलकं निघालं म्हणून अख्खी इमारत आठ-दहा सेकंदांत बसत नाही. डिझाइनमध्ये त्याहून बरीच जास्त सोय धरलेली असते. चोर सापडला म्हणून तोच खुनी, असं नसतं.

मुकादमाचा_पोर | रात्री ११:२०

नमस्कार. एरवी फक्त वाचतो. वडील सेंट्रिंगचे मुकादम होते, मी बारावीपर्यंत सुट्टीत साइटवरच असायचो. आता बँकेत आहे. साहेबलोक ड्रॉइंगचं बोलतायत, मी जमिनीवरचं सांगतो.

क्यूब टेस्ट. काँक्रीटचे ठोकळे भरायचे, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडायचे. कागदावर उत्तम. पण एका साइटवर (नाव नको) ठोकळ्यांचा माल वेगळा कालवला जायचा, सिमेंट जास्त, पाणी कमी, दोन माणसं प्रेमानं ठासायची. स्लॅबचा माल मात्र मिक्सरमधून येऊन ट्रॅफिकमध्ये घट्ट झालेला. मग ड्रायव्हर पाइप लावून पाणी सोडणार, कारण पंप चोक झाला तर शिव्या त्याला. ठोकळे पास व्हायचे. अण्णा म्हणायचे, "परीक्षेला हुशार पोरगं बसवलंय."

रिंगा, म्हणजे खांबाच्या उभ्या सळयांना आवळणारी लोखंडी कडी. रिंगेचं टोक आत वळवून काँक्रीटच्या पोटात घालायचं असतं. काटकोनात वाकवलेलं टोक भूकंपात उघडतं. पण आत वळवायला वेळ लागतो आणि फिटरला पैसे टनावर. मग तो काय करणार?

टेकू. स्लॅब ओतला की टेकू काढायची घाई, कारण तेच टेकू वरच्या मजल्याला हवे असतात. अण्णांनी एकदा दहाव्या दिवशी टेकू काढायला नकार दिला. पुढचं काम दुसऱ्या मुकादमाला गेलं. त्या वर्षी माझी फी मामानं भरली.

हे भ्रष्टाचाराच्या बातमीत कधी येत नाही, कारण यात कुणी पाकीट घेत नाही. नुसती घाई असते.

रिंगमास्तर | १ एप्रिल, सकाळी ७:३०

मुकादमाचा पोर, काटकोन नाही, १३५ अंश. भूकंपासाठीच्या आयएस १३९२० या मानकात छापलंय आणि मी बावीस वर्षं साइटवर ओरडतोय. तुमच्या अण्णांना माझा नमस्कार सांगा.

मुकादमाचा_पोर | सकाळी ७:४१

अण्णा २०१९ ला गेले. नमस्कार पोचला.

काजूगर | सकाळी १०:१८

गोव्यातून. काणकोणचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. ४ जानेवारी २०१४, चावडीवर, पाच मजल्यांची बांधकाम चालू असलेली इमारत. शनिवारची दुपार. ३१ मजूर गेले, जवळजवळ सगळे बाहेरून आलेले. आमच्या वाड्यावर तेव्हा एकच वाक्य चाललेलं: "गोंयकार कोण ना न्हय?" म्हणजे गोव्याचा कोणी नाही ना? आणि नाही म्हटल्यावर सुस्कारा. मीही सोडला असेन. तो आवाज अजून कानात आहे.

बालेवाडी_फाटा | सकाळी १०:५०

आमच्याकडचंही जोडा. २९ जुलै २०१६, बालेवाडी, वरच्या मजल्यावर स्लॅब ओतताना नऊ मजूर खाली आले. मग ३ फेब्रुवारी २०२२, येरवडा, रात्री, पायाच्या सळयांची जाळी कोसळून पाच गेले. इमारत अजून जमिनीच्या वरही आली नव्हती. दोन्ही वेळा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न: "आपल्या बिल्डरचं नाही ना?"

सखाराम_सेस | सकाळी ११:३०

थोडं विषयांतर. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर असतो, मजुरांच्या कल्याणासाठी, १९९६ च्या कायद्यानं सुरू झालेला. पण मजुराला त्यातून काही मिळायला मंडळाकडे नोंदणी लागते आणि नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. सहा महिन्यांत तीन ठेकेदार बदलणाऱ्याला दाखला कोण देणार? इमारत का पडली याची चौकशी होते. खाली नक्की कोण होतं याची यादी बनवायलाच दोन दिवस जातात. हजेरीच्या वहीत निम्मी नावं 'राजू' आणि 'पप्पू' असतात.

जावईशोध | दुपारी १२:१५

विषयांतर चाललंच आहे तर माझं घ्या. हिंजवडीजवळ फ्लॅट बघतोय, तेविसावा मजला, काम चालू. हा धागा वाचून सासरे म्हणतात तळमजला घे. काय तपासू?

खमंग_ढोकळा | दुपारी १२:१७

सासरे.

रिंगमास्तर | दुपारी १:००

तळमजल्यानं काही होत नाही, इमारत पडली की आधी तोच. महारेरावर प्रकल्पाचं पान उघडा, स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण ते बघा आणि मध्येच बदललाय का तेही. बदलला असेल तर का, ते विचारा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे, रेरा कायद्याचं कलम १४. आणि मंजूर आराखड्यानंतर काय काय बदललं याची नोंद मागा. देणार नाहीत. पण मागा.

देशी_हिसका | दुपारी १:२२

मूळ मुद्दा, चिनी लोखंड, त्याला बगल दिलेली आहे याची नोंद घ्यावी. चीनच्या दलालांना

संपादक | दुपारी १:४०

देशी_हिसका यांच्या प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. लोखंडाला नागरिकत्व नसतं. धागा विषयावर राहू द्या.

खमंग_ढोकळा | दुपारी १:४१

'लोखंडाला नागरिकत्व नसतं' हे कुठेतरी खडूनं लिहून ठेवावं असं आहे.

गच्चीवरचा_वारा | १८ मे, सकाळी १०:०५

धागा वर काढतोय. तिकडे सतरा जणांवर वॉरंट निघालं. ठेकेदार कंपनीचे मोठे मालक, डिझाइनवाले, देखरेख करणारे, सगळे आलेत त्यात. एका अभियंत्याचं म्हणणं, कागदांवरची माझी सही खोटी आहे. आणि मृतांचा आकडा नव्वदच्या आसपास गेलाय.

पण मला अडकवलं ते एका बारीक बातमीनं. काम चालू असताना, कॉरिडॉर रुंद करायला, लिफ्टच्या गाभ्याच्या भिंतींची जाडी ३० सेंटिमीटरवरून २५ केली होती म्हणे. रिंगमास्तर, यात काही आहे का?

रिंगमास्तर | दुपारी १२:३०

हे वाचून मी चहा खाली ठेवला.

उंच इमारतीत लिफ्ट आणि जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती म्हणजे पाठीचा कणा. खांब वजन पेलतात, आडवा धक्का मुख्यतः या भिंती घेतात. त्यातून इमारत तुळयांशिवाय नुसत्या जाड स्लॅबवर उभी असेल, आणि हिच्याबद्दल तसंच वाचलंय, तर भिंतींवर अजून भिस्त. त्या एका कडेला असतील तर डोलताना इमारत पिळवटते, ओला टॉवेल पिळतो तशी.

तीसची पंचवीस म्हणजे सहावा हिस्सा गेला. नुसत्या तेवढ्यानं पडेल असं नाही. पण अशी जाडी बदलली की सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, फक्त त्या भिंतीचा नाही, अख्ख्या इमारतीचा. तो मांडला का, आणि मांडला तर सही कुणाची, हा प्रश्न. मिझुरीतला माणूस, तुमच्या दोन आखूड सळया आठवल्या.

मिझुरीतला_माणूस | १९ मे, सकाळी ५:५०

मलाही. आणि सही इथेही कुणी मन लावून केली नव्हती. दोन इंजिनिअरांचे परवाने गेले.

ठाण्याची_लेक | सकाळी ९:१०

म्हणजे पाच सेंटिमीटर कॉरिडॉर रुंद करायला?

रिंगमास्तर | सकाळी ९:२५

बहुतेक वेळा कारण असंच असतं. कुणाला तरी दार बसवायचं असतं.

मु_पो_बँकॉक | १ जुलै, संध्याकाळी ७:१५

काल पंतप्रधानांनी तज्ज्ञांचा निष्कर्ष जाहीर केला. दोष डिझाइनमध्ये आणि बांधकामात, दोन्हीकडे, आणि बोट ठेवलंय ते लिफ्ट आणि जिन्याच्या भिंतींवर. (आणि आज कोर्टानं पंतप्रधानांनाच निलंबित केलं, वेगळ्या प्रकरणात. इथे कंटाळा येत नाही.)

मागच्या आठवड्यात कामासाठी त्या बाजूला गेलो होतो. ढिगारा कधीच उचललाय. मार्चअखेर मी गेलो होतो तेव्हा कुंपणाबाहेर, छत्रीखाली, एक बाई बसलेली असायची. बर्मी असावी. हातात नवऱ्याचा फोटो होता आणि त्याच्या हेल्मेटवर स्टिकर. मी पाण्याची बाटली दिली तर तिनं मला इंजिनिअर समजून काहीतरी विचारलं. मला कळलं नाही, मी नुसती मान हलवली. ती मान मी होकारार्थी हलवली की नकारार्थी, हे मला आता आठवत नाही आणि ते डोक्यातून जात नाही.

गच्चीवरचा_वारा | रात्री ९:००

यावर काय लिहू कळत नाही.

हिशेब मांडून ठेवतो, कारण प्रश्न मीच विचारला होता. लोखंड खराब निघालं, आतेभाऊ निम्मा पास. भिंतीचं नाव २९ मार्चला आमच्या ग्रुपवर कुणीही घेतलं नव्हतं. आतेभाऊ, काका, मेव्हणा, कुणीच नाही.

रिंगमास्तर | रात्री १०:४५

मीही नाही. खरं सांगायचं तर व्यासपीठावरून 'अंदाज बांधू नका' म्हणालो आणि त्याच रात्री बायकोला सांगितलं की तळाच्या खांबांच्या रिंगा उघडल्या असणार, पैज लाव. बावीस वर्षं रिंगांवर ओरडलो म्हणून मला रिंगाच दिसल्या. व्हिडिओ मी तेव्हा तीसेक वेळा पाहिला असेन, खांबांकडेच बघत. काल पुन्हा पाहिला आणि पहिल्यांदा मागच्या बाजूला बघितलं.

देशी_हिसका | रात्री १०:५८

पैजेचं काय झालं?

रिंगमास्तर | रात्री ११:०२

पुरणपोळ्या मी लाटल्या. नकाशे निघाले.

मुकादमाचा_पोर | २ जुलै, सकाळी ८:२०

एक विचारू का? तीसची पंचवीस झाली तेव्हा शटरिंगवाल्यांनी पाट्या हलवल्या असतील. मजल्यामजल्यावर. फूटपट्टी त्यांच्याच हातात होती. अण्णांनी नक्की विचारलं असतं, "साहेब, खाली तीस होती, चुकली का?" मग तिथे कुणी विचारलं नसेल का? आणि विचारलं असेल तर त्याला काय उत्तर मिळालं असेल?

जावईशोध | सकाळी ११:३५

मला काय उत्तर मिळालं ते सांगतो. काल साइट ऑफिसला गेलो आणि रिंगमास्तरांच्या सांगण्याप्रमाणे विचारलं, मंजूर आराखड्यानंतर भिंतींच्या जाडीत काही बदल झालेत का, त्याची नोंद दाखवता का. मुलगी अतिशय गोड होती. म्हणाली, "सर, ते इंजिनिअरिंगकडे असतं. तोपर्यंत मी तुम्हाला मॉड्युलर किचन दाखवू का?"

किचन छान आहे. बुकिंग केलेलं नाही. सासरे खूश.